सेकंड रनर अ‍ॅलिसन

शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की एक तक्रार ठरलेली. मुलीचे वडील मला मैदानाच्या कडेला गाठतात. ‘मॅडम, आमची पोरगी शाळेत सगळ्यात जोरात पळते. मग रिलेत तिला शेवटी का नाही ठेवली? दुसरी कशाला टाकली?’ त्यांचं म्हणणं मला कळतं. रिले बघणाऱ्यांचे डोळे शेवटच्या धावेवर असतात. फोटो तिथंच निघतो आणि घरी गेल्यावर ‘फिनिश आमच्या पोरीनं केला’ हे सांगायलाही बरं वाटतं. दुसरी पळालेली मुलगी तेव्हा मैदानाच्या पार पलीकडे, कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी असते. तिच्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

अशा वडलांना मी अ‍ॅलिसन फेलिक्सचं नाव सांगते. अमेरिकेची ही धावपटू. ऑलिंपिकमध्ये ११ पदकं, त्यातली ७ सुवर्ण. जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत २० पदकं, त्यातली १४ सुवर्ण. म्हणजे मोठ्या स्पर्धांतली एकूण २१ सुवर्णपदकं, आणि त्यातली १६ रिलेची. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण तिला एकदाच मिळालं. उरलेली ६ रिलेची, आणि त्या सहापैकी पाच शर्यतींत ती दुसऱ्या क्रमांकावर पळाली. आमच्या भाषेत सेकंड रनर. वर्तमानपत्रात तिच्याबद्दल येतं ते पदकांच्या आकड्यावर. पण रिलेच्या झोनजवळ निशाण घेऊन उभं राहण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. मला तिची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर कुठून सुरुवात करायची आणि कुठं बघायचं हे त्या दुसऱ्या जागेवरूनच कळतं.

दुसरीचं काम

आधी रिले म्हणजे काय चालतं ते बघू. बॅटन ही एक पोकळ नळी. लांबी २८ ते ३० सेंटिमीटर, वजन किमान ५० ग्रॅम. तालुक्याच्या शाळांत पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून सराव चालतो, त्यानं काही अडत नाही. ४ × १०० मध्ये बॅटन घेणारी मुलगी एकदा सुटली की मागे बघत नाही. तिनं बॅटन बदलायच्या झोनच्या मागे पावलं मोजून जमिनीवर पट्टी चिकटवलेली असते. येणारी मुलगी त्या पट्टीवर आली, की हिनं सुसाट सुटायचं, नजर समोर. मागून ‘घे!’ असा आवाज आला की हात मागे, तळवा उघडा. येणारीनं बॅटन त्या तळव्यात ठेवायचं. हे सगळं ३० मीटरच्या झोनमध्ये व्हायला हवं. रेषेच्या पुढे बॅटन गेलं आणि हात बदलला नसेल, तर संघ बाद.

पहिली मुलगी उजव्या हातातून देते, दुसरी डाव्या हातात घेते, तिसरी उजव्या, चौथी डाव्या. पळताना बॅटनचा हात बदलायचा नाही. आता हिशेब करा. पहिलीला फक्त द्यायचं असतं, चौथीला फक्त घ्यायचं असतं. दुसरीला आणि तिसरीला घ्यायचंही असतं आणि द्यायचंही. म्हणजे चूक व्हायच्या जागा दुप्पट. त्यात दुसरी मुलगी पळते पलीकडच्या सरळ पट्ट्यात, जिथं वेग सगळ्यात जास्त चढतो. म्हणून या जागेला वेग हवा आणि हातही शांत हवा. जोरात पळणाऱ्या पुष्कळ मिळतात. जोरात पळताना हात न हलू देणारी शोधावी लागते.

४ × ४०० चं गणित वेगळं. इथं येणारी मुलगी शेवटच्या पन्नास मीटरला अर्धमेली झालेली असते, म्हणून घेणारी मागे बघून, तिच्या चेहऱ्याचा अंदाज घेत बॅटन काढून घेते. पहिली मुलगी पूर्ण चक्कर आपल्या लेनमध्ये मारते. दुसरी फक्त पहिलं वळण संपेपर्यंत लेनमध्ये असते. तिथल्या रेषेनंतर सगळ्याजणी आत घुसतात. कोपर लागतं, स्पाइक्स पोटरीला घासतात. जिला आतली जागा मिळत नाही, ती वळणावर बाहेरून पळते आणि एका वळणाला साडेतीन-चार मीटर जास्त तोडते. शर्यतीचा पहिला खरा निकाल दुसरीच लावते. तिनं पुढे काढून दिलं तर तिसरी-चौथीचं काम सोपं. तिनं गर्दीत बॅटन दिलं, तर शेवटची कितीही नावाजलेली असो, तिला आधी वाट शोधावी लागते.

बारीक पायांची मुलगी

अ‍ॅलिसनचा जन्म १८ नोव्हेंबर १९८५ चा, लॉस एंजेलिसचा. वडील पॉल धर्मोपदेशक आणि बायबलचे प्राध्यापक, आई मार्लीन प्राथमिक शाळेत शिक्षिका. थोरला भाऊ वेस स्वतः धावपटू, पुढे तिचे व्यावसायिक व्यवहार त्यानंच पाहिले. नववीत ती पहिल्यांदा ट्रॅकवर निवड चाचणीला गेली, आणि दहा आठवड्यांत कॅलिफोर्निया राज्याच्या शालेय स्पर्धेत २०० मीटरमध्ये सातवी आली. पाय इतके काटकुळे, की शाळेतल्या मुली तिला ‘चिकन लेग्ज’ म्हणून चिडवत. धष्टपुष्ट मुलगीच स्प्रिंटर होते असं समजणारे क्रीडाशिक्षक आपल्याकडेही कमी नाहीत. त्यांनी तिचे जुने व्हिडिओ बघावेत. पाऊल जमिनीवर पडल्याचं कळतसुद्धा नाही, खांदे ढिले, चेहऱ्यावर ताण नाही.

शाळा संपल्यावर ती थेट व्यावसायिक धावपटू झाली. त्यामुळे कॉलेजच्या संघातून पळण्याचा हक्क गेला, पण शिक्षण सोडलं नाही. साउथ कॅलिफोर्निया विद्यापीठातून तिनं प्राथमिक शिक्षणाची पदवी घेतली. आई शिक्षिका होती, तिलाही तेच व्हायचं होतं.

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला ती १८ वर्षांची होती. २०० मीटरमध्ये २२.१८ सेकंद, ज्युनियर गटाचा जागतिक विक्रम, आणि रौप्य. सुवर्ण जमैकाच्या वेरोनिका कॅम्पबेलला. पुढे ती बॉबी कर्सी या कडक प्रशिक्षकाकडे गेली. हेप्टॅथलॉनची महान खेळाडू जॅकी जॉयनर-कर्सी ही त्यांची पत्नी. २००५, २००७ आणि २००९ अशी लागोपाठ तीन जागतिक अजिंक्यपदं अ‍ॅलिसननं २०० मीटरमध्ये जिंकली. २००७ ला ओसाकामध्ये तर २०० मीटर आणि दोन्ही रिले अशी तीन सुवर्णं एकाच स्पर्धेत. मात्र मधल्या २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला पुन्हा कॅम्पबेलच पुढे. अ‍ॅलिसन २१.९३, कॅम्पबेल २१.७४. जगज्जेती होती, पण ऑलिंपिकचं सोनं हातात येत नव्हतं.

त्याच बीजिंगमध्ये ४ × ४०० झाली. मेरी वाइनबर्गकडून बॅटन घेऊन अ‍ॅलिसन दुसरी पळाली, पुढे मोनिक हेंडरसन आणि शेवटी सान्या रिचर्ड्स. ऑलिंपिकमधलं तिचं पहिलं सुवर्ण हे. फोटो अर्थातच सान्याचा छापून आला.

लंडन, आणि २७ वर्षांचा विक्रम

२०१२ ची सुरुवातच विचित्र झाली. अमेरिकेच्या निवड चाचणीत १०० मीटरला तिसऱ्या जागेसाठी अ‍ॅलिसन आणि जेनेबा तारमो दोघींची वेळ हजारांशापर्यंत सारखी भरली, ११.०६८ सेकंद. फोटो फिनिशमध्येही फरक दिसेना. दोघी एकाच प्रशिक्षकाच्या, रोज एकत्र सराव करणाऱ्या. अशी वेळ आली तर काय करायचं याचा नियमच अमेरिकेच्या संघटनेकडे नव्हता. घाईनं नियम केला, दोघींची वेगळी शर्यत ठरली, आणि ऐन वेळी तारमोनं माघार घेतली. पंच म्हणून मला त्या संघटनेचं आश्चर्य वाटतं. आमच्या जिल्ह्याच्या स्पर्धेतही टायचं काय करायचं ते आधी विचारून ठेवतात, कारण ग्रेस गुणांसाठी पालक लेखी खुलासा मागतात.

लंडनला १०० मीटरमध्ये ती पाचवी आली. १०० मीटर पळण्याचा तिचा हेतू मुळात २०० साठी वेग वाढवण्याचा होता, आणि तो साधला. २१.८८ सेकंदांत २०० मीटरचं सुवर्ण, दोन ऑलिंपिकच्या रौप्यानंतर.

मग ४ × १००. इथं अमेरिकेच्या मुलींची दोन ऑलिंपिकं वाया गेली होती. २००४ ला अंतिम फेरीत बदल झोनमध्ये जमला नाही, २००८ ला प्राथमिक फेरीत बॅटन पडलं. संघात जगातल्या सगळ्यात वेगवान मुली आणि निकालात नाव नाही, हे रिलेतच होऊ शकतं. लंडनला पहिली टियाना मॅडिसन, दुसरी अ‍ॅलिसन, तिसरी बियांका नाइट, चौथी कार्मेलिटा जेटर. ती शर्यत मी मुलींना पुन्हा पुन्हा दाखवते, पण शेवटाकडे न बघता बघायला सांगते. मॅडिसन वळण संपवून येते, अ‍ॅलिसनचा डावा हात मागे जातो, आणि बॅटन आल्यावरही तिच्या खांद्याला हिसका बसत नाही. बदलाच्या जागी सगळ्या संघांचा वेग कमी होतो, या संघाचा झालाच नाही. जेटर रेषेकडे येतानाच हातातलं बॅटन घड्याळाकडे रोखून धावत होती. ४०.८२ सेकंद. पूर्व जर्मनीनं १९८५ मध्ये केलेला ४१.३७ चा विक्रम अर्ध्या सेकंदाहून जास्त फरकानं मोडला. तो काळ पूर्व जर्मनीच्या सरकारी उत्तेजक-कार्यक्रमाचा. तेव्हाचे आकडे कधी मोडतील का, अशी शंका जाणकार घेत असत. त्यातला एक तरी मोडला.

दुसऱ्या दिवशी ४ × ४००. पुन्हा दुसरी. सुमारे ४८.२ सेकंदांत चक्कर मारून तिनं इतकी आघाडी दिली, की तिसऱ्या मुलीला बॅटन शांतपणे घेता आलं. ३:१६.८७, सुवर्ण.

रिलेतली वेळ आणि वैयक्तिक वेळ यांची तुलना नीट करायला हवी. रिलेत दुसरी-तिसरी-चौथी धावती सुरुवात करतात, बंदुकीच्या आवाजाला प्रतिसाद द्यायला वेळ जात नाही, म्हणून ४०० मीटरला अर्धा-पाऊण सेकंद आपोआप वाचतो. २०१५ च्या बीजिंग जागतिक स्पर्धेत अ‍ॅलिसननं ४०० मीटर जिंकली ती ४९.२६ मध्ये, तिची कारकिर्दीतली सर्वोत्तम वेळ. त्याच स्पर्धेतल्या रिलेत ती तिसरी पळाली, ४७.७२ मध्ये. दीड सेकंदाचा फरक. त्यातला अर्धा धावत्या सुरुवातीचा मानला, तरी बाकीचा कुठून आला? शिक्षक म्हणून मी हे वारंवार पाहिलं आहे. एकटी पळताना जी मुलगी शेवटच्या साठ मीटरला गळून पडते, तीच समोर मैत्रीण हात पुढे करून उभी असली की दात-ओठ खात पोहोचते. आणि ती ४७.७२ ची चक्कर मारूनही अमेरिका हरली, जमैका जिंकली. रिलेत असंही होतं.

रिओतली रिकामी शर्यत

२०१६ हे वर्ष तिच्यासाठी खडतर गेलं. घोटा दुखावलेला. निवड चाचणीत २०० मीटरला ती एक शतांश सेकंदानं चौथी आली, म्हणजे जिचं विजेतेपद होतं त्याच शर्यतीतून बाहेर. एक शतांश म्हटलं की आपल्याला पी. टी. उषाच आठवते. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये, अ‍ॅलिसनच्याच गावात, ४०० मीटर हर्डल्समध्ये तिचं कांस्य तेवढ्यानंच गेलं होतं. रिओत ४०० मीटरच्या अंतिम फेरीत अ‍ॅलिसन शेवटच्या पावलांत पुढे येत होती आणि बहामाच्या शॉने मिलरनं रेषेवर अंग झोकून दिलं. ४९.४४ आणि ४९.५१. नियमानं धड रेषेवर आलं की धाव संपली, ती पायावर आली की पोटावर याला महत्त्व नाही. पुन्हा रौप्य.

मग ४ × १०० ची प्राथमिक फेरी. अ‍ॅलिसन दुसरी. ती इंग्लिश गार्डनरला बॅटन द्यायला हात पुढे करते आणि नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या लेनमधल्या ब्राझीलच्या धावपटूचा धक्का तिला लागतो. तोल जातो, बॅटन खाली. तिथं बहुतेकजणी काय करतात हे मला माहीत आहे. त्या डोकं धरून खाली बसतात. अ‍ॅलिसननं गार्डनरला ओरडून सांगितलं, की बॅटन घे आणि शर्यत पूर्ण कर. अमेरिका सगळ्यांत शेवटी पोहोचली, पण पोहोचली. तक्रार नोंदवायची तर शर्यत पुरी केलेली असायला हवी, हे तिच्या डोक्यात त्या गोंधळातही पक्कं होतं. तक्रार मान्य झाली, ब्राझील बाद झाला, आणि अमेरिकेला त्याच संध्याकाळी पुन्हा पळायची संधी मिळाली. एकटीला. बाकीच्या सगळ्या लेन रिकाम्या, पाठलाग करायला कुणी नाही, आणि गाठायची ती चीनची ४२.७० ही वेळ. ४१.७७ मध्ये त्यांनी ती गाठली. अंतिम फेरीत त्यांना पहिली लेन मिळाली. ४ × १०० मध्ये ती कुणालाच नको असते, कारण तिचं वळण सगळ्यात घट्ट. तिथून ४१.०१ मध्ये सुवर्ण. टियाना बार्टोलेटा (लंडनची मॅडिसन हीच), अ‍ॅलिसन, गार्डनर आणि टोरी बोवी. ४ × ४०० मध्ये मात्र तिला शेवटी ठेवलं, आणि तिथंही सुवर्णच आलं. सहापैकी ही एकच शर्यत तिनं दुसऱ्या जागेवरून पळालेली नाही.

अंधारातला सराव

२०१८ मध्ये ती गरोदर राहिली, आणि ही गोष्ट तिनं लपवली. पोट कुणाला दिसू नये म्हणून पहाटे चारला, अंधारात ती सरावाला जायची. जगज्जेत्या बाईनं असं चोरून पळावं, हे समजायला खेळाडूंच्या करारांची रचना बघावी लागते. मी अनुदानित शाळेत नोकरी केली. बाळंतपणाला भरपगारी रजा मिळाली, परत आल्यावर तीच जागा आणि तोच पगार. खेळाडू बूट कंपनीची नोकरदार नसते. ती कंत्राटदार असते. करारात स्पर्धांची संख्या, क्रमवारी, पदकं यांच्या अटी असतात, आणि त्या पुऱ्या झाल्या नाहीत तर रक्कम कापली जाते. दुखापत आणि बाळंतपण यांत तेव्हाच्या करारांना फरक दिसत नसे.

तिचा नायकीशी असलेला करार २०१७ च्या अखेरीस संपला होता आणि नव्याची बोलणी चालू होती. मे २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये तिनं लेख लिहिला. कंपनी पूर्वीपेक्षा ७० टक्के कमी रक्कम देऊ करत होती. पण तिचा मुख्य मुद्दा पैशाचा नव्हता. बाळंतपणाच्या आगेमागे काही महिने वेळ घसरली तर शिक्षा होणार नाही, असं करारात लिहून हवं होतं, आणि ते मिळत नव्हतं. तिच्याआधी काही दिवस अलिशिया मोंटानो या ८०० मीटरच्या धावपटूनं हाच विषय काढला होता. बोभाटा झाला. ऑगस्टमध्ये नायकीनं जाहीर केलं, की गरोदरपणाभोवतीच्या १८ महिन्यांत खेळाडूचा मोबदला कापला जाणार नाही. तोवर अ‍ॅलिसन बाहेर पडून अ‍ॅथलेटा या महिलांच्या कपड्यांच्या कंपनीशी करार करून मोकळी झाली होती.

बाळंतपणही सरळ झालं नव्हतं. ३२ व्या आठवड्यात तपासणीला गेल्यावर रक्तदाब धोक्याच्या पातळीला पोहोचलेला निघाला. याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. पायांवर सूज होती, पण गरोदरपणात येतेच म्हणून तिनं ती मनावर घेतली नव्हती. आपल्याकडेही घरोघरी हेच म्हणतात. तातडीनं सिझेरियन करावं लागलं. २८ नोव्हेंबर २०१८ ला कॅम्रिन जन्मली, वजन सुमारे १.६ किलो. बाळ अतिदक्षता विभागात. जगातल्या उत्तम वैद्यकीय सोयी हाताशी असलेल्या खेळाडूची ही गोष्ट. अमेरिकेत गरोदरपणाशी निगडित कारणांनी मरण पावणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे तिप्पट आहे. त्यावर अमेरिकी संसदेच्या समितीसमोर अ‍ॅलिसननं २०१९ मध्ये साक्ष दिली.

कॅम्रिन दहा महिन्यांची असताना ती दोहाच्या जागतिक स्पर्धेत उतरली. मिश्र ४ × ४०० तिथं प्रथमच खेळली जात होती. दोन पुरुष, दोन स्त्रिया. अमेरिकेनं ३:०९.३४ असा जागतिक विक्रम केला. अ‍ॅलिसन कुठं पळाली असेल, हे आता सांगायला नको. हे तिचं जागतिक स्पर्धांतलं १२ वं सुवर्ण. उसेन बोल्टची ११ होती. आपल्या बहुतेक वाचकांच्या लक्षात नसेल, पण त्याच अंतिम शर्यतीत भारताचा संघही होता. मोहम्मद अनस, व्ही. के. विस्मया, जिस्ना मॅथ्यू आणि नोआ निर्मल टॉम. भारत सातवा आला. म्हणजे अ‍ॅलिसननं बोल्टला मागे टाकलं, तेव्हा आपली विस्मया आणि जिस्ना त्याच ट्रॅकवर होत्या.

टोकियोत, ३५ व्या वर्षी, ती ४०० मीटरच्या अंतिम फेरीत नवव्या, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या लेनमधून पळाली. तिथून बाकीच्या दिसतच नाहीत, कारण सगळ्या मागे असतात. ४९.४६ मध्ये कांस्य, ऑलिंपिकमधलं दहावं पदक. पायात तिच्या स्वतःच्या ‘सेश’ या नव्या कंपनीचे स्पाइक्स होते. बूट कंपनीनं किंमत पाडली तर बूट कंपनीच काढायची, हे मला फार आवडलं. दुसऱ्या दिवशी ४ × ४००. सिडनी मॅकलॉफ्लिन, अ‍ॅलिसन, दलिला मुहम्मद, अथिंग मू. ३:१६.८५, सुवर्ण, अकरावं पदक. कार्ल लुईसची दहा होती. अमेरिकेच्या कुठल्याही ट्रॅक खेळाडूपेक्षा आता तिची जास्त झाली.

मे २०२३ मध्ये टोरी बोवी गेल्याचं कळलं. रिओच्या त्या ४ × १०० ची शेवटची धावपटू, वय ३२, आठ महिन्यांची गरोदर, घरात एकटी. शवविच्छेदनाच्या अहवालात संभाव्य कारणांमध्ये एक्लॅम्प्सियाचा उल्लेख होता. टियाना बार्टोलेटालाही बाळंतपणात गंभीर त्रास झाला होता. सुवर्णपदक जिंकलेल्या चौघींपैकी तिघींनी आई व्हायचं ठरवलं, आणि तिघींच्याही जिवावर बेतलं. अ‍ॅलिसननं हे लिहिलं, आणि तेवढ्यावर थांबली नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या वसाहतीत लहान बाळांसाठी खोली उघडली, ती तिच्या पुढाकारानं. बाळाला पाजायला, कपडे बदलायला, आईजवळ ठेवायला जागा. त्याच ऑलिंपिकमध्ये खेळाडूंनी मतदान करून तिला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगावर निवडून दिलं.

शेवटची शर्यत

तिची निवृत्ती २०२२ च्या जागतिक स्पर्धेत ठरली होती, अमेरिकेतच, यूजीन गावी. मिश्र रिलेत ती दुसरी पळाली, कांस्य मिळालं, निरोप झाला, आणि ती लॉस एंजेलिसला घरी गेली. तिथं हॉट विंग्ज आणि आइस्क्रीम घातलेलं रूट बिअरचं सरबत समोर घेऊन बसली असताना कर्सींचा फोन आला. महिलांच्या ४ × ४०० च्या प्राथमिक फेरीला एक जागा भरायची आहे, येतेस का? ती परत आली. २३ जुलैला पुन्हा दुसरी पळाली, अमेरिकेनं हीट जिंकली. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत मॅकलॉफ्लिन आणि इतर ताज्या मुलींना उतरवलं, त्यांनी सुवर्ण आणलं. नियमानं हीट पळालेल्यांनाही पदक मिळतं. अ‍ॅलिसनचं जागतिक स्पर्धांतलं २० वं पदक ते.

न खेळलेल्या अंतिम फेरीचं पदक खरं धरावं का, असं काहीजण विचारतात. ज्यांनी कधी हीटच्या कागदावर सह्या केल्या नाहीत, त्यांनीच हा प्रश्न विचारावा. हीटमध्ये बॅटन पडलं की अंतिम फेरीच्या यादीत संघाचं नाव येत नाही, मग घरी कितीही वेगवान मुली बसलेल्या असोत. अमेरिकेनं हे २००८ च्या ऑलिंपिकमध्ये अनुभवलं होतं. म्हणून जागतिक स्पर्धांत तोवर १३ सुवर्णं जिंकलेल्या बाईला ताटावरून उठवून बोलावून घेतलं, आणि तीही आढेवेढे न घेता आली. पुढच्या हंगामात एखाद्या वडलांनी पुन्हा विचारलं, तर मी त्यांना ४०.८२ चा विक्रम सांगणार नाही. ही हीट सांगेन, आणि त्यांच्या मुलीला दुसरीच पळवीन.